अधिकचे चिन्ह कोणाच्या मालकीचे?

बक्षाली हस्तलिखितात एखाद्या अंकापुढे + अशी फुली दिसली, तर तो अंक ऋण समजायचा. १८८१ साली पेशावरजवळच्या बक्षाली गावी जमिनीतून निघालेली ही भूर्जपत्रे आता ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत. जी खूण आज आपल्याला ‘मिळवा’ असे सांगते, तीच त्या लेखकाच्या वाचकाला ‘हे वजा आहे’ असे सांगत होती. युरोपात + आणि − ही चिन्हे छापील पुस्तकात आली ती १४८९ साली, लाइपझिगला छापलेल्या योहानेस विडमानच्या पुस्तकात. चिन्हाला जन्मतः अर्थ नसतो. चार माणसांनी मिळून तो ठरवलेला असतो आणि पुढच्या पिढ्यांनी पाळलेला असतो.

मी मुलांना सी++ शिकवतो. ऑपरेटर ओव्हरलोडिंगचा धडा आला की वर्गात दरवर्षी एक आनंदाचा क्षण येतो. मुलांनी अपूर्णांकाचा क्लास लिहिलेला असतो, त्यासाठी + चा अर्थ सांगितलेला असतो, आणि एक-द्वितीयांश अधिक एक-तृतीयांश म्हणजे पाच-षष्ठांश असे उत्तर पडद्यावर उमटते. आपण भाषेला काहीतरी नवे शिकवले, हे समाधान चेहऱ्यांवर दिसते. त्याच भरात कोणीतरी पुढे जाते. अवतरणचिन्हांत दोन शब्द लिहिते, मध्ये + घालते आणि ते जोडले जातील अशी वाट पाहते. कंपायलर नाही म्हणतो. मग ते पोर जिद्दीला पेटून स्वतःच त्या दोन शब्दांसाठी + लिहायला घेते. कंपायलर पुन्हा नाही म्हणतो: दोनपैकी निदान एक बाजू तरी क्लास किंवा एनम असली पाहिजे. दोन्ही बाजूंना भाषेसोबत आलेले बिल्ट-इन टाइप असतील, तर + ला हात लावायचा नाही.

“सर, मी केलेल्या क्लासला चालतं, मग भाषेच्या स्वतःच्या टाइपना का नाही? त्यांना वेगळा मान का?”

‘नियम आहे’ असे उत्तर मी पुष्कळ वर्षे देत आलो. ते उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. या नियमात प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचे हक्क एकमेकांसमोर उभे आहेत. मी वाचणाऱ्याच्या बाजूचा आहे. ती बाजू का घ्यावी, हे मला नीट मांडायचे आहे.

आधी त्या मुलाने काय मागितले ते पाहू. सी++ ला सी भाषेचा वारसा आहे, आणि सी मध्ये अवतरणांतला शब्द हा ‘शब्द’ नसतोच. ती एकापुढे एक ठेवलेल्या अक्षरांची रांग असते, आणि हिशेबात उतरताना त्या रांगेच्या पहिल्या अक्षराचा पत्ता वापरला जातो. दोन घरांचे पत्ते मिळवून तिसरे घर सापडत नाही, म्हणून दोन पत्त्यांची बेरीज सी ला मान्य नाही. पण पत्ता अधिक एक याला तिथे अगदी नेमका अर्थ आहे: पुढच्या अक्षराचा पत्ता. म्हणजे मुलाला जिथे मोकळी जागा दिसली, तिचा शेजार आधीच भरलेला होता. १९७० च्या दशकापासून लिहिलेला सी चा अफाट कोड त्या अर्थावर उभा आहे.

ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ साली बेल लॅब्जमध्ये ‘सी विथ क्लासेस’ या नावाने काम सुरू केले, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे सी++ होताना ऑपरेटर ओव्हरलोडिंग त्यात आले. भाषेत भर घालता यावी, पण आहे ते फिरवता येऊ नये, ही त्यांची भूमिका. म्हणून नव्या टाइपला जुनी चिन्हे देता येतात. मात्र नवे चिन्ह घडवता येत नाही, गुणाकार बेरजेच्या आधी हा क्रम मोडता येत नाही, आणि दोन पूर्णांकांमधल्या + ला दुसरा अर्थ देता येत नाही. मुलांना या तिन्ही गोष्टी अडवणूक वाटतात. मला त्या वचनासारख्या वाटतात. हे वचन कोणाला दिले आहे, हे कळायला दुसऱ्याचा कोड वाचायला बसावे लागते.

समजा रात्री उशिरा तुम्ही कोणाचा तरी हजारो ओळींचा प्रोग्रॅम उघडून बसला आहात. लिहिणारा नोकरी सोडून गेला आहे आणि सकाळपर्यंत चूक सापडायला हवी. समोर एक ओळ आहे: पगार अधिक भत्ता. दोन्ही पूर्णांक आहेत हे तुम्ही पाहिलेत आणि पुढच्या ओळीवर गेलात. या ‘पुढे जाण्या’वर आपला सगळा धंदा चालतो. डोक्यात एका वेळी मावते ती शेदोनशे ओळींची दुनिया; उरलेल्या दुनियेबद्दल काही गोष्टी गृहीत धरल्याशिवाय ती शेदोनशे ओळीही मावणार नाहीत. दूरच्या एखाद्या फायलीत कोणीतरी पूर्णांकांचा + बदलू शकतो, एवढे कळले तरी या ओळीवरून पुढे जाता येत नाही. प्रत्यक्षात कोणी बदलला नसेलही. पण बदलला नाही ना, हे शोधण्याचे काम आता तुमच्या गळ्यात पडले, आणि तेही एका ओळीसाठी नव्हे, जिथे जिथे + आहे तिथे तिथे.

नव्या टाइपचे तसे नाही. अपूर्णांक हे नाव दिसताच वाचणारा सावध होतो, कारण ही वस्तू कोणीतरी बनवलेली आहे आणि बनवणाऱ्याचे नियम तिच्या क्लासमध्ये लिहिलेले असणार. कुठे पाहायचे ते त्याला कळते. पूर्णांकाच्या बाबतीत पाहायचे ठिकाणच नसते. तो सगळ्यांचा आहे, म्हणून कोणा एकाचा नाही.

गणिताकडे बोट दाखवून कोणी म्हणेल, तिथे + चा अर्थ सारखा बदलत आला आहे: पूर्णांक, अपूर्णांक, मॅट्रिक्स, व्हेक्टर, सगळ्यांना एकच चिन्ह. हे खरे आहे. पण तो अर्थ कसा वाढला ते पाहण्यासारखे आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम सांगितले. दोन धनांची बेरीज धन, दोन ऋणांची बेरीज ऋण, धन आणि ऋण एकत्र आले तर त्यांच्यातला फरक, समान असतील तर शून्य. यांतल्या पहिल्या नियमाने आधीची एकही बेरीज बदलली नाही. बाजारात पाच आणि सात मिळवणाऱ्या माणसाला ब्रह्मगुप्त वाचण्याची गरज पडली नाही. त्याचे उत्तर काल बारा होते आणि आजही बाराच राहिले. नवा अर्थ जन्मला तो नव्या वस्तूंसाठी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज पीकॉक यांनी बीजगणिताबद्दल हेच तत्त्व म्हणून मांडले: क्षेत्र वाढवताना जुने नियम टिकले पाहिजेत. माझ्या वर्गातला अपूर्णांकाचा क्लास या परंपरेत अगदी चपखल बसतो. पूर्णांकांचा + बदलण्याची मागणी तिच्यात बसत नाही.

दुसऱ्या बाजूलाही मोठी माणसे आहेत, आणि त्यांचा विचार सुंदर आहे. अल्गोल ६८ मध्ये स्वतःचे ऑपरेटर घडवता येत, त्यांचा क्रम ठरवता येई, आणि एखाद्या ब्लॉकपुरता पूर्णांकांचा + सुद्धा नव्याने लिहिता येई. झेरॉक्सच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात घडलेल्या स्मॉलटॉकने तर भेदच मिटवला. तिथे ३ + ४ म्हणजे ३ या वस्तूला पाठवलेला ‘४ मिळव’ असा निरोप. भाषेने दिलेल्या वस्तू आणि तुम्ही केलेल्या वस्तू एका पंक्तीला बसतात. कोणी सोवळ्यात नाही. ‘त्यांना वेगळा मान का?’ हा माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न स्मॉलटॉकमध्ये उद्भवतच नाही, आणि ती समता मला मनापासून आवडते. तरीही स्मॉलटॉक-८० च्या रचनेत दोन छोट्या पूर्णांकांची बेरीज इंटरप्रिटर परस्पर उरकून टाकतो, तुम्ही + ची मेथड बदलली आहे का हे न पाहता. वेगासाठी तसे करावे लागले. समतेचे वचन देणाऱ्या भाषेलाही बेरजेपाशी आल्यावर अपवाद करावा लागला.

युकिहिरो मात्सुमोतो यांची रुबी, जी १९९५ साली लोकांसमोर आली, इथे जास्त प्रामाणिक आहे. रुबीत पूर्णांकांचा क्लास कोणालाही उघडून + बदलता येतो, आणि बदल खरोखर लागू होतो. त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक इंटरप्रिटरच्या आत: दोन पूर्णांकांची बेरीज करण्याची झटपट वाट तिथे आहे, पण त्या वाटेला लागण्यापूर्वी दर वेळी पाहावे लागते की पूर्णांकांचा + कोणी बदलला तर नाही. रात्री उशिरा कोड वाचणाऱ्या माणसाच्या मनात जी शंका येते, ती इथे यंत्राला लाखो वेळा घ्यावी लागते. दुसरी किंमत माणसांनी मोजली. एका लायब्ररीने मूळ क्लासमध्ये केलेला बदल त्या लायब्ररीपुरता राहत नाही. सगळ्या प्रोग्रॅममध्ये पसरतो, आणि दोन लायब्ररींनी एकाच मेथडला हात घातला तर जी नंतर लोड होईल तिचा शब्द शेवटचा. २०१३ साली आलेल्या रुबी २.० मध्ये ‘रिफाइनमेंट्स’ ही सोय आली ती यामुळेच. मूळ क्लासमध्ये बदल करा, पण ज्या फायलीत तसे स्पष्ट सांगितले असेल तेवढ्याचपुरता.

ही वाट आपल्या ओळखीची आहे. पाणिनीने अष्टाध्यायीत विभक्तींना, म्हणजे संस्कृतच्या अगदी मूळ सामग्रीला, वेगळे अर्थ दिले. षष्ठी म्हणजे ‘च्या जागी’, सप्तमी म्हणजे ‘हे पुढे असताना’, पंचमी म्हणजे ‘याच्या नंतर’. पण हे अर्थ त्याने पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातच सांगून ठेवले, आणि ते सूत्रांपुरतेच ठेवले. पाणिनी वाचून उठलेला माणूस घरात षष्ठी बोलला तर ती नेहमीचीच षष्ठी असते. मूळ अर्थ फिरवायचाच असेल तर आधी सांगा, कुंपण घाला आणि कुंपणाबाहेर जाऊ नका. या अटी पाळणाऱ्या भाषेशी माझे भांडण नाही. माझे भांडण कुंपण नसलेल्या मोकळीकीशी आहे.

आता विरोधी बाजूचा सर्वात बळकट मुद्दा. मूळ + कुठे खरा आहे, असे ते विचारतात. यंत्रातला पूर्णांक ठरावीक जागेत बसतो. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जागा नाही. त्यात एक मिळवला तर जावात उत्तर थेट मोठी ऋण संख्या येते, आणि सी++ मध्ये तर काय होईल याची भाषा हमीच देत नाही. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली जाहीरपणे लिहिले की जावाच्या मानक लायब्ररीत त्यांनी स्वतः लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये चूक आहे. यादीची खालची आणि वरची टोके मिळवून दोनाने भागायचे, शाळकरी पोरालाही बरोबर वाटेल अशी ओळ. यादी शंभर कोटींहून मोठी झाली की ती बेरीज मावत नाही, ऋण होते, आणि शोध कोसळतो. ही चूक तिथे जवळपास ९ वर्षे होती. अशा वेळी एखाद्याने म्हटले, ‘मला माझ्या प्रोग्रॅममधला + असा करू द्या, की उत्तर मावले नाही तर तो थांबेल’, तर त्याला मनमानी म्हणता येईल का?

नाही म्हणता येणार. मूळ + अपुरा आहे हे मला मान्य आहे. पण तो एकेका प्रोग्रॅमरने आपापल्या परीने दुरुस्त केला तर अपुरेपणा जाणार नाही, शंभर प्रकारचा होईल. तुमच्या प्रोग्रॅममधल्या + वर थांबण्याची सवय झालेला माणूस उद्या माझ्या प्रोग्रॅममध्ये त्याच ओळीवर विसंबेल आणि फसेल. दुरुस्ती भाषेनेच करायला हवी, आणि उघडपणे. ॲपलच्या स्विफ्टमध्ये, जी २०१४ साली आली, साधा + मावत नसेल तर प्रोग्रॅम थांबवतो; फिरून येणारी जुनी बेरीजच हवी असेल तर &+ असे वेगळे चिन्ह लिहावे लागते. ओळ वाचतानाच कळते की इथे लिहिणाऱ्याने जाणूनबुजून वेगळे काही मागितले आहे. ज्यांच्या भाषेत अशी सोय नाही त्यांनी ‘तपासलेला पूर्णांक’ असा स्वतःचा टाइप करावा आणि त्याला हवा तो + द्यावा. नाव बदलले की वाचणारा आपोआप सावध होतो.

भाषा घडवणाऱ्यांचा दोष मात्र लपवून चालणार नाही. जो अधिकार ते आम्हाला देत नाहीत, तो त्यांनी स्वतः नेहमीच जपून वापरलेला नाही. दोन शब्द जोडायला + वापरणे हे त्याचे ठळक उदाहरण. बेरजेत क्रम उलटला तरी उत्तर तेच येते. पाणी आणि पुरी जोडून पाणीपुरी होते, उलट जोडून पुरीपाणी. हे दुसरेच काम आहे, त्याला दुसरे चिन्ह हवे होते. पर्ल आणि पीएचपी यांनी त्यासाठी टिंब घेतले, मानक एसक्यूएलने दोन उभ्या रेघा घेतल्या, आणि तिथे कोणाचे काही अडले नाही. जावात १ + २ + "अ" चे उत्तर "३अ" येते आणि "अ" + १ + २ चे "अ१२". जावास्क्रिप्टमध्ये अवतरणांतला पाच आणि साधा तीन यांच्यात + घातला तर दोन्ही अंक शेजारी चिकटतात, − घातला तर नीट वजाबाकी होते. पायथनने शब्दांना + दिला, पण यादीची बेरीज करणाऱ्या सम या फंक्शनला शब्द दिले तर ते नकार देते आणि जॉइन वापरा असे सुचवते. ज्याला बेरीज म्हणायचे आणि बेरजेच्या फंक्शनमध्ये मात्र घ्यायचे नाही, त्याला बेरीज म्हणायला नको होते, असे माझे मत आहे. माझ्या विद्यार्थ्याला दोन शब्दांमध्ये + लिहावासा वाटला तो अशाच सवयींमुळे. दोष त्याचा नाही.

भागाकाराची कथा याहून बोलकी आहे. पायथनमध्ये ७ भागिले २ केले तर सुरुवातीला उत्तर ३ येई, कारण दोन्ही पूर्णांक. ७.० भागिले २ केले तर ३.५. एकच चिन्ह, टाइपप्रमाणे दोन अर्थ, आणि पायथनमध्ये टाइप लिहिलेला नसल्यामुळे ओळ पाहून कोणता अर्थ लागेल ते कळत नसे. ही चूक आहे हे गिडो व्हान रॉसम यांनी मान्य केले आणि २००१ साली बदलाचा प्रस्ताव मांडला गेला. भाषेचा जनक, चूक मान्य, दुरुस्ती ठरलेली, तरी काय काय करावे लागले पाहा. पूर्णांकी भागाकारासाठी // हे नवे चिन्ह आणले. ज्याला नवा अर्थ हवा त्याने फायलीच्या वरच्या बाजूला तसे लिहायचे, अशी सोय केली. मूळ / चा अर्थ सगळ्यांसाठी बदलला तो पायथन ३ मध्ये, २००८ च्या डिसेंबरात. जुन्या पायथन २ ची देखभाल थांबली १ जानेवारी २०२० रोजी. मूळ टाइपवरच्या एका चिन्हाचा अर्थ सगळ्यांसाठी, सगळ्यांना सांगून बदलायला एवढा काळ लागतो. तोच बदल एखाद्या लायब्ररीने कोणाला न सांगता एका दुपारी करावा, अशी मुभा मागताना आपण काय मागतो आहोत, हे या सालांवरून कळते.

आपल्या वडिलांच्या पिढीने असा एक बदल हातात नाणी धरून पाहिला आहे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे ६४ ऐवजी १०० पैसे झाले. सरकारने नव्या नाण्यावर नुसते ‘पैसा’ लिहिले नाही, ‘नया पैसा’ लिहिले, आणि ‘नया’ हा शब्द १९६४ पर्यंत ठेवला. एकाच शब्दाचे दोन भाव एकाच बाजारात चालू असतील तर कोणीतरी लुबाडले जाणार, हे ओळखून केलेली ती व्यवस्था होती.

दार सगळेच बंद करणे हाही उपाय नाही. जेम्स गॉस्लिंग यांनी सी++ मध्ये लोकांनी केलेला गैरवापर पाहून जावातून ऑपरेटर ओव्हरलोडिंग काढूनच टाकले. परिणाम पैशांच्या हिशेबात दिसतो. ०.१ अधिक ०.२ हे डबल या टाइपमध्ये केले तर उत्तर नेमके ०.३ येत नाही, सतराव्या दशांश स्थानी एक चार उरतो, म्हणून रुपये-पैशांसाठी बिगडेसिमल वापरा असे प्रत्येक शिक्षक सांगतो. पण बिगडेसिमलला + नाही. मुद्दल अधिक व्याज वजा कर एवढी साधी ओळ ॲड आणि सबट्रॅक्ट यांच्या कंसांच्या गर्दीत हरवते. मग घाईत असलेला माणूस पुन्हा डबलकडे वळतो, आणि पै-पैचा हिशेब चुकायला लागतो. नव्या टाइपला जुनी चिन्हे न देण्यातही वाचणाऱ्याचे नुकसान आहे. नव्यासाठी दार उघडे आणि जुन्याला हात नाही, ही सी++ ची मधली रेषा मला म्हणूनच पटते. रस्टनेही जवळपास तीच रेषा ओढली आहे: दोन्ही टाइप परके असतील तर त्यांच्यातल्या + वर तुमचा हक्क नाही, एक तुमचा असेल तर आहे.

त्या मुलाला आता मी वेगळे उत्तर देतो. त्याची इच्छा रास्त होती, आणि भाषेने ती पुढे पुरीही केली. सी++१४ पासून अवतरणांतल्या शब्दाला शेवटी एस हे अक्षर लावले की तो मूळ रांग राहत नाही, मानक लायब्ररीचा स्ट्रिंग होतो, आणि मग + खुशाल चालतो. एका अक्षराने टाइप बदलला आणि वाचणाऱ्याला तो डोळ्यांनी दिसला. पत्ता अधिक एक म्हणजे पुढचे अक्षर हा जुना अर्थ होता तिथेच राहिला.

पायथनने २०१५ साली, ३.५ या आवृत्तीत, @ हे चिन्ह मॅट्रिक्सच्या गुणाकारासाठी आणले. न्यूमपाय ही लायब्ररी वापरणाऱ्या संशोधकांची ती जुनी मागणी होती. * आधीच एकास-एक गुणाकारात गुंतलेला होता आणि तो हिसकावून घ्यावा असे त्यांनाही वाटत नव्हते. चिन्ह भाषेने दिले, अर्थ लायब्ररींवर सोपवला. पायथनच्या स्वतःच्या पूर्णांकांना, शब्दांना, याद्यांना @ चा अर्थ तेव्हा दिला नाही. दोन पूर्णांकांमध्ये @ लिहून पाहा, आजही पायथन नकार देतो.